संगणक अचानक का बंद पडतो? विंडोजची रोजकीर्द वाचायची पद्धत

साताऱ्याला माझ्या मावशीकडे एक जुना डेस्कटॉप आहे. काका त्यावर सोसायटीचे हिशेब ठेवतात. गेल्या उन्हाळ्यात तो चालता चालता बंद पडून आपोआप पुन्हा सुरू व्हायला लागला. दुरुस्तीवाल्याने आधी विंडोज नव्याने टाकून दिलं, मग रॅम बदलली. पैसे गेले, त्रास तसाच राहिला. मी गेलो तेव्हा कॅबिनेट उघडलंच नाही. खुर्ची ओढून बसलो, इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजने लिहिलेल्या नोंदी दाखवणारी खिडकी) उघडला आणि पाऊण तास फक्त वाचत होतो. कारण सापडलं, आणि ते संगणकाच्या आत नव्हतंच. ते कसं सापडलं हे सांगताना घरचा संगणक स्वतःबद्दल काय काय लिहून ठेवतो आणि ते कसं वाचायचं, हेही ओघाने येईल. हे सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे.

जुन्या पेढ्यांवर दोन वह्या असत. रोजकीर्दीत दिवसभरातली प्रत्येक नोंद घडली त्या क्रमाने उतरवायची. खतावणीत तीच नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडायची. विंडोजचा लॉग ही रोजकीर्द आहे. संगणक सुरू झाला, एखादी सेवा (पडद्यामागे चालणारा प्रोग्राम) अडखळली, डिस्कने उत्तर द्यायला वेळ लावला, कोणी लॉगिन केलं, असं सगळं वेळेसह तिच्यात एकाखाली एक येतं. खतावणी मात्र आपली आपल्यालाच करावी लागते. बहुतेक जण रोजकीर्द उघडतात, हजारो ओळी पाहतात, त्यातल्या लाल खुणा पाहून घाबरतात आणि खिडकी बंद करतात.

उघडण्याआधी कागदावर वेळ लिहा

लॉग वाचायला सुरुवात संगणकावर होत नाही, कागदावर होते. बिघाड झाला ती तारीख आणि वेळ, त्या वेळी काय चालू होतं, नवीन काय जोडलं होतं, वीज गेली होती का, एवढं लिहून ठेवा. ‘परवा कधीतरी संध्याकाळी’ एवढ्यावर लॉगमध्ये काही सापडत नाही. ‘मंगळवारी सात वाजून पाच मिनिटांच्या आसपास’ एवढं असलं तरी निम्मं काम झालं.

मग संगणकाचं घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की वीज पूर्ण गेल्यावर घड्याळ मागे जातं आणि नोंदींवर भलत्याच तारखा पडतात. अशा वेळी प्रत्येक नोंदीच्या ‘डिटेल्स’ भागातला ‘इव्हेंट रेकॉर्ड आयडी’ पाहायचा. तो क्रमाने वाढत जातो, त्यामुळे घड्याळ चुकलं तरी आधी काय आणि नंतर काय हे कळतं.

आणि एक कळकळीची विनंती: नोंदी वाचून झाल्याशिवाय विंडोज नव्याने टाकू देऊ नका. काकांच्या संगणकावर पहिल्या दीड महिन्याच्या नोंदी त्यातच गेल्या होत्या. रोग्याचे आधीचे सगळे रिपोर्ट फाडून मग तपासायला बसावं, तसं ते झालं होतं.

कुठे आणि कसं पाहायचं

कीबोर्डवरची विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबा. जी यादी उघडते त्यात ‘इव्हेंट व्ह्यूअर’ असतो. डावीकडे ‘विंडोज लॉग्ज’ उघडा. आत पाच नावं दिसतील: अ‍ॅप्लिकेशन, सिक्युरिटी, सेटअप, सिस्टम आणि फॉरवर्डेड इव्हेंट्स. घरच्या संगणकासाठी दहातली नऊ कामं ‘सिस्टम’ आणि ‘अ‍ॅप्लिकेशन’ या दोघांत होतात. संगणक, ड्रायव्हर (जोडलेला एखादा भाग चालवणारा प्रोग्राम), डिस्क, वीज यांचं ‘सिस्टम’मध्ये, आणि आपण वापरतो त्या प्रोग्रामचं ‘अ‍ॅप्लिकेशन’मध्ये. त्याखाली ‘अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज’ नावाचं मोठं झाड आहे. सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नका.

या नोंदी साध्या मजकुराच्या फायली नसतात. सी ड्राइव्हवर विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये त्या वेगळ्या स्वरूपात साठवलेल्या असतात, नोटपॅडमध्ये उघडल्या तर नुसता गिचमिड मजकूर दिसतो. सिस्टम लॉगला मूळची मर्यादा २०,४८० केबी असते. ती भरली की सर्वांत जुन्या नोंदी पुसून नव्यांना जागा केली जाते. म्हणून चार महिन्यांपूर्वीचा बिघाड आज शोधायला गेलात तर सापडेलच असं नाही. अधूनमधून येणाऱ्या त्रासाच्या मागे असाल तर ‘सिस्टम’वर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ही मर्यादा ६५,५३६ केबी करून ठेवा. आजच्या डिस्कच्या मानाने ती जागा काहीच नाही.

हे सगळं एकदम अंगावर आल्यासारखं वाटत असेल तर आधी एक सोपी खिडकी उघडा. स्टार्टच्या शोधात इंग्रजीत ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ येतं. त्यात दिवसांचा तक्ता असतो, १ ते १० मध्ये स्थिरतेची रेषा असते, आणि ज्या दिवशी काही कोसळलं त्या दिवशी लाल फुली. त्रास नेमका कोणत्या तारखेला सुरू झाला आणि त्याच्या आदल्या दिवशी कोणतं अपडेट किंवा प्रोग्राम आला, हे तिथे एका नजरेत दिसतं. मी नेहमी इथूनच तारीख काढतो आणि मग रोजकीर्दीकडे वळतो.

एक नोंद कशी वाचायची

प्रत्येक ओळीत पाच गोष्टी असतात: पातळी (नोंद किती गंभीर ते), तारीख-वेळ, सोर्स, इव्हेंट आयडी आणि वर्ग. लोक पातळीकडे आधी पाहतात. मी ती शेवटी पाहतो. आधी वेळ, मग सोर्स, मग आयडी. सोर्स म्हणजे नोंद लिहिणारा आणि आयडी म्हणजे त्याने लिहिलेल्या वाक्याचा क्रमांक. ही जोडी एकत्रच वाचायची. नुसता ‘१००१’ म्हणून काही अर्थ नाही. बगचेकचा १००१ म्हणजे निळा पडदा (विंडोज कोसळल्यावर दिसतो तो) आला होता, आणि विनइनिटचा १००१ म्हणजे सुरू होताना झालेल्या डिस्क तपासणीचा निकाल.

ओळीवर क्लिक केलं की खाली ‘जनरल’मध्ये वाक्य दिसतं आणि ‘डिटेल्स’मध्ये कच्चा तपशील. तिथल्या ‘एक्सएमएल व्ह्यू’मधली वेळ आपली नसते, जागतिक प्रमाणवेळ असते. भारतात असाल तर तिच्यात साडेपाच तास मिळवा. वरच्या यादीतली वेळ मात्र तुमच्या संगणकाच्या घड्याळाचीच असते. कोणाला स्क्रीनशॉट पाठवताना यात घोळ होतो आणि दोघंही वेगवेगळ्या नोंदींबद्दल बोलत बसतात.

लाल म्हणजे आजारी नव्हे

अगदी ठणठणीत संगणकावरही लाल आणि पिवळ्या नोंदी असतात, रोज असतात. सर्वांत जास्त दिसणारी म्हणजे डिस्ट्रिब्युटेडकॉमची १००१६. विंडोजचाच एक भाग दुसऱ्या भागाकडे परवानगी मागतो, नकार मिळतो, मग दुसऱ्या वाटेने काम करून घेतो. ही नोंद सोडून द्यावी असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेलं आहे. एखादी सेवा सुरू व्हायला उशीर झाला, क्षणभर इंटरनेट गेलं आणि डीएनएस क्लायंटने (वेबसाइटचा पत्ता शोधून देणाऱ्या भागाने) १०१४ लिहिली, हेही तसंच.

मग महत्त्वाचं कसं ओळखायचं? मी दोन प्रश्न विचारतो. ही नोंद बिघाडाच्या वेळेच्या आधीच्या पाच-दहा मिनिटांत आहे का? आणि बिघाड झाला नाही त्या दिवशीही ती आहे का? रोजच असेल तर ती या घराची नेहमीची कुरकुर आहे. फक्त बिघाडाच्या दिवशीच असेल तर तिथे थांबा.

खतावणी करा

हजारो ओळी डोळ्यांनी चाळायच्या नसतात. डावीकडे ‘कस्टम व्ह्यूज’वर राइट क्लिक करून ‘क्रिएट कस्टम व्ह्यू’ घ्या. ‘बाय लॉग’मध्ये ‘विंडोज लॉग्ज’खालचे फक्त सिस्टम आणि अ‍ॅप्लिकेशन निवडा. पातळीच्या चौकटी रिकाम्याच ठेवा, कारण काही कामाच्या नोंदी ‘इन्फर्मेशन’ पातळीवर असतात. आयडीच्या रकान्यात हे आकडे स्वल्पविराम देऊन भरा:

४१, ६००८, १०७४, ६००५, ६००६, ७, ११, ५१, ५५, १२९, १५३, १८, १९, ३७, ४१०१, १००१

आकडे अर्थातच इंग्रजी अंकांत टाकायचे. नाव द्या, जतन करा. पुढच्या वेळी नुसतं त्या नावावर क्लिक केलं की काम होतं. काही भलत्या नोंदीही येतील, कारण एकच आकडा वेगवेगळे सोर्स वापरतात. सोर्सकडे लक्ष असलं की त्या बाजूला काढता येतात. उलटही करता येतं: एखादी नकोशी नोंद वगळायची असेल तर तिच्या आकड्याआधी वजाचं चिन्ह द्यायचं.

अचानक बंद पडण्याच्या नोंदी

इथे थोडं सावकाश जाऊ, कारण घरातली सर्वांत मोठी तक्रार हीच असते आणि लॉग सर्वांत जास्त चुकीचा वाचला जातो तोही इथेच.

संगणक नीट बंद झाला असेल तर यूजर३२ ची १०७४ नोंद असते. कोणत्या प्रोग्रामने, कोणत्या खात्याच्या वतीने, बंद की रीस्टार्ट, हे ती सांगते. रात्री संगणक आपोआप रीस्टार्ट झाल्याची तक्रार असली तर आधी ही पाहा. अनेकदा ते विंडोज अपडेटचं काम निघतं आणि प्रश्न तिथेच मिटतो. ६००६ म्हणजे नोंदी लिहिणारी सेवा व्यवस्थित थांबली, ६००५ म्हणजे ती पुन्हा सुरू झाली. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर रोज संगणक बंद करूनही ही जोडी दिसत नाही, कारण तेव्हा विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर झोपवून ठेवला जातो. ही जोडी दिसली नाही म्हणून काळजी नको.

नीट न बंद होता गेला असेल तर कर्नेल-पॉवरची ४१ येते, पातळी ‘क्रिटिकल’. ही नोंद पाहून लोक थेट पॉवर सप्लाय बदलायला धावतात. ४१ चा अर्थ एवढाच, की संगणक मागच्या वेळी नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला. कारण त्यात नसतं. शिवाय ती लिहिली जाते पुढच्या वेळी सुरू होताना, म्हणजे तिच्यावरची वेळ बंद पडण्याची नसते. रात्री बंद पडलेला संगणक सकाळी सुरू केला तर ४१ वर सकाळची वेळ असेल. खरी वेळ सोबतच्या ६००८ च्या वाक्यात असते: मागचं बंद होणं अमुक तारखेला अमुक वाजता झालं आणि ते अनपेक्षित होतं. तीही थोडी पुढेमागे असू शकते, पण शोधाला पुरते. कागदावर उतरवायची ती ही.

आता ४१ च्या ‘डिटेल्स’मध्ये जा आणि ‘बगचेककोड’ शोधा.

तिथे शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही. वीज तुटली, संगणक पूर्ण गोठला, किंवा कोणीतरी बटण दाबून धरलं. बटण दाबून धरल्याचा संशय असेल तर जवळच ‘पॉवरबटनटाइमस्टॅम्प’ आहे. तिथे शून्याऐवजी मोठा आकडा असेल तर बटणच दाबलं गेलं होतं. घरात लहान मुलं असतील तर हे जरूर पाहावं.

बगचेककोड शून्य नसेल तर निळा पडदा येऊन गेला होता. हा आकडा दशमान पद्धतीत असतो, तर निळ्या पडद्याबद्दलची माहिती सोळाच्या पद्धतीत लिहिलेली असते. कॅल्क्युलेटरच्या ‘प्रोग्रामर’ प्रकारात तो बदलून घ्या. २९२ म्हणजे १२४, हार्डवेअरची गंभीर चूक. १५९ म्हणजे ९एफ, एखादा ड्रायव्हर झोपताना किंवा जागा होताना अडकला. २६ म्हणजे १ए, मेमरी हाताळण्यातला घोटाळा. १२२ म्हणजे ७ए, डिस्कवरून वाचायचं ते वाचता आलं नाही. एका आकड्यावरून निकाल देऊ नका. तीन-चार वेळा तोच येतो की दर वेळी वेगळा, हे पाहा. दर वेळी वेगळाच येत असेल तर मी आधी रॅम तपासतो.

१२४ आलाच तर जवळपास व्हीईए-लॉगर शोधा. नावाची इंग्रजी अक्षरं डब्ल्यू-एच-ई-ए अशी आहेत. त्याची १८ म्हणजे प्रोसेसर किंवा त्याच्या आसपासची जीवघेणी चूक, १९ म्हणजे चूक झाली पण सावरली. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात कर्नेल-प्रोसेसर-पॉवरची ३७ खूप दिसली तर पंख्याची धूळ साफ करा. तिचा अर्थ प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी केला जातोय. लॅपटॉपला कमी शक्तीचा चार्जर लावला तरीही ती येते.

काकांच्या संगणकावर नऊ दिवसांत सहा वेळा ४१ होती. सगळीकडे बगचेककोड शून्य, बटणाचा आकडाही शून्य. आधीच्या दहा मिनिटांत डिस्कची तक्रार नाही, प्रोसेसरची नाही, उष्णतेचीही नाही. मग सहाही ६००८ मधल्या वेळा मी कागदावर एकाखाली एक लिहिल्या: सात दोन, सात एक, सात चार, सात दोन, सात तीन, सात दोन. सगळ्या संध्याकाळच्या. बिघडलेली रॅम घड्याळ बघून बिघडत नाही.

“सातला काय होतं इथे?” मी विचारलं. मावशी स्वयंपाकघरातूनच म्हणाली, “सातला? पाण्याची मोटर लागते की खालची.”

डिस्कच्या नोंदी, ज्यांच्यासाठी हातातलं काम सोडावं

बाकी कशात चूक झाली तर संगणक जातो. डिस्कमध्ये चूक झाली तर फोटो जातात, म्हणून या नोंदींना मी वेगळं मानतो.

‘डिस्क’ या सोर्सची ७ म्हणजे डिस्कवर खराब भाग आहे. ११ म्हणजे डिस्क जोडणाऱ्या कंट्रोलरमध्ये चूक आढळली. १५३ म्हणजे वाचणं किंवा लिहिणं एकदा फसलं, पुन्हा करावं लागलं. ५१ म्हणजे मेमरीतला मजकूर डिस्कवर ने-आण करताना चूक झाली. स्टोरएएचसीआय किंवा स्टोरएनव्हीएमई यांची १२९ म्हणजे डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून तिला रीसेट केलं. संगणक मिनिटभर गोठून पुन्हा चालतो, तेव्हा बहुतेकदा हीच सापडते. एनटीएफएसची ५५ म्हणजे फायलींची मांडणी बिघडली आहे.

घाबरण्याआधी वाक्यातला ‘हार्डडिस्क’पुढचा आकडा बघा. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडलं की कोणती डिस्क ० आणि कोणती १ ते कळतं. अनेकदा तक्रार घाईत ओढून काढलेल्या पेन ड्राइव्हची निघते. मुख्य डिस्कचीच असेल आणि ७ वारंवार येत असेल, तर तपासणी वगैरे नंतर. आधी बॅकअप, त्याच दिवशी. आजारी डिस्कवर आधी दुरुस्तीची तपासणी चालवून तिला आणखी घासायला लावू नका. १२९ आणि ११ यांत मात्र डेस्कटॉपवर डिस्कची केबल काढून नीट बसवून पाहण्यात अर्थ आहे. कधीकधी तेवढंच असतं.

इतर नोंदी थोडक्यात

एखादाच प्रोग्राम बंद पडत असेल तर अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये ‘अ‍ॅप्लिकेशन एरर’ची १००० शोधा. त्यात कोसळलेल्या प्रोग्रामचं नाव असतं आणि खाली ‘फॉल्टिंग मॉड्यूल’, म्हणजे नेमकी चूक झाली तो भाग, असतो. दुसरं नाव जास्त कामाचं. दर वेळी तेच मॉड्यूल असेल तर ते ज्याच्यासोबत आलं तो प्रोग्राम किंवा ड्रायव्हर काढून नव्याने टाका. प्रतिसाद न देता अडकलेल्या प्रोग्रामची नोंद १००२. पडदा क्षणभर काळा होऊन परत येत असेल तर सिस्टममध्ये ‘डिस्प्ले’ची ४१०१ पाहा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर थांबून पुन्हा सुरू झालेला असतो.

‘सिक्युरिटी’ लॉग पाहायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. तिथे ४६२४ म्हणजे यशस्वी लॉगिन, ४६२५ म्हणजे फसलेलं. शेकडो ४६२४ पाहून ‘माझ्या संगणकात कोणी घुसलंय’ असं समजू नका. ‘लॉगऑन टाइप’ पाहा: ५ म्हणजे विंडोजच्या सेवा, २ म्हणजे कीबोर्डसमोर बसलेला माणूस, ७ म्हणजे कुलूप उघडलं, १० म्हणजे दुरून आलेला माणूस. तुम्ही कधी दुरून संगणक वापरत नसाल आणि १० दिसला, तर इंटरनेट तोडा आणि पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला. कोणी लॉग पुसला तर तेही लपत नाही. सिक्युरिटी पुसल्यावर ११०२ आणि सिस्टम पुसल्यावर १०४ अशी नोंद नव्या वहीच्या पहिल्या ओळीतच पडते.

याच खिडकीच्या जोरावर होणारी फसवणूक

हे घरातल्या ज्येष्ठांना आवर्जून सांगा. फोन येतो, समोरचा म्हणतो मी विंडोजच्या कंपनीतून बोलतोय, तुमच्या संगणकात व्हायरस आहे. पुरावा म्हणून तो तुमच्याकडूनच इव्हेंट व्ह्यूअर उघडवून घेतो आणि लाल नोंदी मोजायला लावतो. त्या प्रत्येक संगणकावर असतात, म्हणून हा डाव प्रत्येक वेळी साधतो. मग दुरून ताबा घेणारं अ‍ॅप टाकायला सांगतो आणि पैसे मागतो. मायक्रोसॉफ्ट स्वतःहून असे फोन करत नाही, आणि विंडोजच्या खऱ्या एररमध्ये कधी फोन नंबर नसतो. पैसे गेलेच असतील तर भारतात १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. तिथे प्रत्येक मिनिट मोलाचं असतं.

दुसऱ्याला दाखवायचं असेल तर

दुरुस्तीवाल्याकडे जाताना ‘संगणक बंद पडतो’ एवढंच सांगू नका. तुमच्या कस्टम व्ह्यूवर राइट क्लिक करून ‘सेव्ह ऑल इव्हेंट्स इन कस्टम व्ह्यू अ‍ॅज’ निवडा आणि तयार झालेली फाइल पेन ड्राइव्हवर न्या. सोबत तो वेळांचा कागद. या फायलीत तुमच्या संगणकाचं नाव, खात्याचं नाव, प्रोग्रामची नावं असतात, म्हणून ती विश्वासातल्या माणसालाच द्या. सगळ्यांसमोर टाकू नका. आणि ‘क्लिअर लॉग’ला हात लावू नका. पुसल्याने संगणकाचा वेग वाढत नाही.

मोटर लागताना घरातले दिवे क्षणभर मंदावतात हे मावशीला ठाऊकच होतं, ते संगणकाशी जोडून कोणी पाहिलं नव्हतं. व्होल्टेज पडलं की सांभाळायला यूपीएस होता. काकांना सगळ्या फायली जतन करून बंद करायला सांगितल्या आणि यूपीएसचा भिंतीतला प्लग काढला. संगणक त्याच क्षणी विझला. आतली बॅटरी पाच वर्षांची होती आणि कधीच संपलेली होती. दुसऱ्या दिवशी नवी बसवली, प्लग काढून पुन्हा पाहिलं, संगणक चालूच राहिला. काकांनी आता हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर ४१ साठी एक रकाना आखलाय आणि दर रविवारी ते खतावणी उघडून पाहतात. तेरा आठवडे तो रकाना कोरा आहे.